कर्मविपाक आणि एक अक्षर

देवळातील पुराण संपल्यावर सभामंडपात जी बोलणी होतात, त्यांत कुणाच्या दुखण्याची वार्ता निघाली की एक वाक्य हटकून ऐकू येते: ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे!’ दुखणेकरी स्वतः हे म्हणत असेल तर त्यात धीर आहे. पण जन्मात विडीला न शिवलेल्या गृहिणीस फुफ्फुसाचा कर्करोग झाला आणि तिच्या माघारी इतरांनी हेच वाक्य उच्चारले, तर तो निवाडा होतो. हा निवाडा देण्याचा अधिकार आपणांस कोठून आला, हा प्रश्न मला बरेच दिवस छळीत आहे.

पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, ह्याच्या आज्ञा जनुकांत चार अक्षरांच्या लिपीने लिहिलेल्या असतात. ईजीएफआर नावाच्या जनुकात २५७३ व्या स्थानी ‘टी’च्या जागी ‘जी’ आले, म्हणजे त्यापासून घडणाऱ्या प्रथिनातील ८५८ वा घटक बदलतो. आणि वाढीची जी खूण बाहेरून आज्ञा आली तरच उमटावयाची, ती अखंड उमटत राहते. पोथीचा उतारा करणाऱ्याच्या हातून एक अक्षर चुकावे, तसेच हे! ईजीएफआरमधील असे दोष धूम्रपान न करणाऱ्यांच्या कर्करोगात अधिक आढळतात. बहुधा ते त्या फुफ्फुसाच्या पेशीतच, आयुष्याच्या ओघात उद्भवतात. आईकडून मुलीकडे जात नाहीत. (घरात हा रोग झाला म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.)

हे दोष २००४ साली ओळखले गेले, आणि गेफिटिनिब ह्या गोळीचा गुण काहींनाच का येतो, ह्याचा उलगडा झाला. २००९ साली आशियातील रुग्णांवरील एका मोठ्या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गाठीत हा दोष होता, त्यांचा रोग ह्या गोळीने नेहमीच्या रसायनोपचारापेक्षा अधिक काळ आवरला गेला. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांच्या बाबतीत नेमके उलट झाले. म्हणूनच आधी गाठीचा तुकडा तपासावयाचा आणि मग औषध ठरवावयाचे.

येथे कोणी म्हणेल, ‘ती बाई निर्दोष खरी, पण विड्या ओढणाऱ्याचे काय? त्याने तर आपल्या हातांनीच रोग ओढवून घेतला.’ कारण उघड आहे, आणि ते त्याच्या मुलांपुढे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तंबाखूच्या धुराने केआरएएस जनुकात जो एक विशिष्ट बदल वारंवार घडतो, त्याच्यावरही २०२१ साली अमेरिकेत सोटोरासिब हे औषध मान्य झाले. ते शोधणाऱ्यांनी हा रुग्ण औषधास पात्र आहे काय, असे विचारले नाही. कारण सांगणे निराळे आणि दोष देणे निराळे. आपण ह्या दोहोंची गल्लत करतो, आणि तिला कर्मसिद्धान्ताचे नाव देतो.

वस्तुतः आपल्या ग्रंथांतही ही गल्लत सर्वत्र नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, आयुष्य नियत आहे की नाही, असे अग्निवेश आत्रेयांस विचारतो. ते दैव आणि पुरुषकार ह्या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून आहे, असे उत्तर मिळते. सर्वच आयुष्य ठरलेले असते, तर औषधांना, मंत्रांना आणि उपवासांना प्रयोजन उरले नसते, असा आत्रेयांचा युक्तिवाद आहे. मंत्र आणि औषध त्यांनी एकाच पंक्तीत बसविले, हे आपल्यासारख्या देवळात जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

ह्या गोळ्यांनी रोग समूळ जातो, असे मात्र नव्हे. गेफिटिनिबने आवरलेला रोग पुष्कळांत वर्षभराच्या आसपास पुन्हा डोके वर काढतो. त्यांतील सुमारे निम्म्या रुग्णांत त्याच जनुकात दुसरा एक बदल झालेला सापडतो, आणि त्यावरचे औषध २०१५ साली मान्य झाले. त्यानंतर पुन्हा तिसरी वाट शोधावी लागते. मिळतात ते काही महिने, कधी काही वर्षे. ज्या घरी लोकलज्जेने दुखणे झाकले गेले आणि तपासणी लांबली, त्या घरी मात्र त्यांतलेच दिवस आधी वजा होतात. आणि ही लज्जा सभामंडपातील आपल्या त्या एका वाक्यातूनच तेथवर पोचलेली असते.