गाडी थांबवायची की नाही?



नाताळची सुट्टी लागली की कोल्हापुरातील कितीतरी कुटुंबे पहाटे गाडी काढून मुंबईची वाट धरतात. मुले मागच्या सीटवर शाल पांघरून झोपलेली, डिकीत नातेवाइकांसाठी गुळाच्या ढेपी. सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास. पण हेच उसाचेही दिवस. नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस महामार्गावर येतो. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. त्यात वारणा-कृष्णेच्या काठचे धुके. अशा वेळी रस्त्याकडेला कुणी रक्तबंबाळ होऊन पडलेला दिसला, तर बायकामुले बरोबर असलेल्या माणसाने थांबावे का?

‘नको ती पोलीस चौकशी’ हे उत्तर आता चालणार नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. (केंद्र सरकारने २०२१ पासून अशा मदतीला रोख बक्षीसही ठेवले आहे. असो, पैशासाठी थांबणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.) कायदा संरक्षण देतो, थांबायला मात्र तो वाटसरूला भाग पाडत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे.

‘गाडीत लहान मुले आहेत’ ही अडचण खरी आहे, तिला भ्याडपणा म्हणणे अन्याय होईल. आई-बापाचे पहिले कर्तव्य लेकरांशीच आहे. धुक्यात रस्त्याच्या मध्येच गाडी उभी करणारा दुसऱ्या अपघाताला बोलावणे धाडतो. पण या कर्तव्यामुळे मदत कशी करायची एवढेच ठरते. करायची की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही. थोडे पुढे जाऊन, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन, दिवे चमकते ठेवून १०८ ला फोन करता येतो. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत आहे. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगितला की तिला जागा सापडते. ‘मागच्या कुणीतरी केला असेल’ असे प्रत्येकानेच धरले, तर तो फोन कुणीच केलेला नसतो.

शुभवर्तमानातल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातल्या दोन बारीक गोष्टी सहसा निसटतात. लुटारूंनी त्या जखमी माणसाचे कपडेही नेले होते. तो कुठला, कोणत्या लोकांतला, हे ओळखायला अंगावर काहीच उरले नव्हते. आपण मात्र आधी कपडे पाहतो. उलटलेल्या मोटारीपाशी चार गाड्या थांबतात. ट्रॉलीखाली आलेला ऊसतोड कामगार असला की ‘प्यायलेला असेल’ म्हणून काच वर जाते. तोही हिवाळ्यात कुटुंब घेऊनच निघालेला असतो. बीडकडून, भांडीकुंडी आणि लेकरे ट्रकमध्ये घालून, आपल्याच जिल्ह्यातला ऊस तोडायला.

दुसरी गोष्ट अशी, की शोमरोन्याने आपला प्रवास सोडून दिला नाही. रात्रभर शुश्रूषा केली, सकाळी उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले, परतताना पुन्हा येईन म्हणाला आणि पुढच्या वाटेला लागला. त्याच्याही घरी कुणी वाट पाहत असेल. मुंबईत दोन तास उशिरा पोचलो, तर फार तर नातेवाइकांचे जेवण गार होईल.

गोंधळ होतो तो आयत्या वेळी, पतीने ब्रेकवर पाय ठेवलेला आणि पत्नी ‘चला’ म्हणत असताना. म्हणून आदल्या रात्री टायरची हवा, पाणी, औषधे पाहतो तेव्हाच दोघांनी बसून ठरवावे: फोन कोण करणार, खाली कोण उतरणार, आणि मुलांजवळ कोण थांबणार.