लग्नाचं वजन

हॉल नको, हजार पानं नकोत, मानपानाचे रुसवे नकोत. डोंगरातल्या एखाद्या गावात, उघड्या आभाळाखाली, पन्नासेक माणसांत अक्षता पडाव्यात, ही हौस आता मध्यमवर्गीय मराठी घरांतही शिरली आहे. हौस चांगलीच आहे. पण असं लग्न खरोखर लहान आहे का, हे पाहुणे मोजून कळत नाही. त्यासाठी गावाला काय काय वाहावं लागलं, ते पाहावं लागतं. माथेरानात तर हे अक्षरशः खरं आहे. तिथे मोटारींना बंदी. गाड्या दस्तुरी नाक्याशी थांबतात आणि पुढचं बहुतेक सामान हातगाडी, घोडा किंवा हमालाच्या डोक्यावरून जातं. शहरात टेम्पोतून उतरणाऱ्या खुर्च्या, फुलांच्या कमानी, पाण्याच्या बाटल्यांची खोकी कुणाच्या नजरेतही भरत नाहीत. इथे त्यांतली प्रत्येक वस्तू तांबड्या मातीच्या चढावर कुणाच्या तरी श्वासावर चढते आणि मागे उरलेला कचरा त्याच वाटेनं उतरवावा लागतो. शिवाय मे महिन्यात लग्नसराई आणि पर्यटकांची गर्दी एकदमच येते, तीही पाणी सर्वांत कमी असताना. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त डोंगराला कितीतरी सोयीचे, पण आपल्याला सुट्ट्या मे महिन्यातच दिसतात.

जून २०१९ मध्ये उत्तराखंडातल्या औलीला दक्षिण आफ्रिकेतल्या गुप्ता उद्योग-कुटुंबातली दोन लग्नं झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तीन कोटी रुपये अनामत भरायला लागली आणि नंतर जोशीमठच्या पालिकेला तिथून शेकडो क्विंटल कचरा उचलावा लागला. ते टोकाचं उदाहरण, हे मान्य. पण आपली पन्नास माणसं पंचवीस गाड्यांतून आली, सजावट मुंबईहून आणि स्वयंपाकी पुण्याहून आला, तर फरक आकाराचा उरतो, जातीचा नाही. यावर सांगितलं जातं की गावाला रोजगार मिळतो. मिळतो, पण कोणता? सगळंच बाहेरून आलं तर गावाच्या वाट्याला फक्त ओझं येतं. तिथल्याच खानावळीनं रांधलं, तिथल्याच पाटांवर पंगत बसली, तर पैसा वर राहतो आणि ओझंही घटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठं लग्न हा नुसता बडेजाव नसतो. त्यात भावकी जोडलेली राहते, आहेराची देवघेव अडीअडचणीला कामी येते. पन्नासांच्या यादीतून आधी गळतात ते गावाकडचे, गरीब आणि गुडघे धरलेले नातेवाईक, आणि हे साधेपणाच्या नावाखाली होतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र भावकीची पंगत आणि विवाहाचा विधी एकाच जागी, एकाच दिवशी व्हायला हवेत, असं कुठे आहे? पंगत सपाटीवर, आपल्या गावी घालावी. विधीला फार काही लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. अंतरपाट, अक्षता, पळी-पंचपात्र एका पिशवीत मावतात, तेव्हा वर जायला दोन्हीकडची दहा-बारा माणसंही पुरेत. होम तेवढा रानाच्या कडेला नको. सुकल्या पाचोळ्याच्या दिवसांत तो हॉटेलच्या अंगणातच पेटवावा.