मधल्या माणसाची साक्ष

शब्बाथ शाळेत निर्गमाचा पाचवा अध्याय शिकविताना आपण बहुधा मोशे आणि फारो या दोघांपाशीच थांबतो. पेंढा मिळेनासा झाला, विटांची संख्या मात्र तीच राहिली, एवढे मुलांना सांगून आपण पुढे जातो. परंतु त्या अध्यायात आणखीही काही माणसे आहेत. फारोच्या मुकादमांनी इस्राएल लोकांवर त्यांच्यातलेच नायक नेमले होते. विटा कमी भरल्या की मार या नायकांस पडे.

आम्ही बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात पुष्कळ वर्षे सुपरवायझर होतो. त्यामुळे हे नायक आम्हांस घरच्यासारखे ओळखीचे वाटतात. वरून आकडा येतो, खाली माणसे असतात, आणि या दोहोंची गाठ घालून देणे हे मधल्या माणसाचे काम. मालक म्हणू शकतो, मला ठाऊक नव्हते. कामगार म्हणू शकतो, मला सांगितले तसे केले. सुपरवायझरास यांपैकी काहीच म्हणता येत नाही, कारण त्याने दोन्ही बाजू पाहिलेल्या असतात. (कारखान्यातील ख्रिस्ती माणसाविषयी उपदेश झाला म्हणजे कफर्णहूमच्या शताधिपतीचे उदाहरण हमखास येते. उदाहरण उत्तमच आहे. पण त्या शताधिपतीस रोज संध्याकाळी नग मोजून द्यावे लागत नव्हते.)

आमच्या पॉवर प्रेसला दोन बटणे होती. दोन हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नसे. म्हणजे तो खाली येताना दोन्ही हात डायच्या बाहेरच असत. सगळी युक्ती एवढीच. पण एका बटणात लाकडाची चपटी काडी खोचून ते दाबलेलेच ठेवले, की एक हात मोकळा होतो. मग त्या हाताने पत्रा सरकवायचा व दुसऱ्याने बटण दाबायचे. दोन्ही बटणांनी आठ तासांत सुमारे ३२०० नग निघत. फळ्यावर आकडा लिहिलेला असे ४०००. तो आकडा मालकांनी सांगितलेला होता, पण खडू आमच्या हातात होता.

१९९१ साली त्या प्रेसवर आमच्याच मंडळीतील एक वीस वर्षांचा तरुण होता. आमच्या शब्बाथ शाळेच्या वर्गात तो बसलेला. काडी त्यानेच खोचली होती, हे खरे आहे. जास्त नगांचे जास्त पैसे त्यासही हवे होते, हेही खरे. तीन महिने आम्ही ती काडी जाता-येता पाहत होतो. ऑगस्टमधील एका दुपारी त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरी गेली.

संध्याकाळी अपघाताचा रिपोर्ट आम्हीच लिहिला. त्यात एक वाक्य होते: कामगाराने स्वतः सुरक्षासाधन निकामी केले होते. ते वाक्य वाचून मालकांनी मान हलविली व सही केली.

आमच्याकडील माणसे विमा योजनेत नोंदलेली नव्हती. जो काही आधार होता तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा. तर्जनीची दोन पेरी गेल्यास कमाईची शक्ती ११ टक्क्यांनी घटली, असा त्या कायद्यात हिशेब होता. परंतु त्याच कायद्यात मालकास एक वाटही ठेवलेली होती. मृत्यू आलेला नसेल, आणि कामगाराने जाणूनबुजून सुरक्षासाधन काढले असेल, तर भरपाई देण्याचे बंधन मालकावर नव्हते. आमच्या एका ओळीने ते ११ टक्केही पुसले जात होते.

आता प्रश्न असा की, आम्ही खोटे काय लिहिले? शब्दन्‌शब्द तपासून पाहा, एकही खोटा नाही. नववी आज्ञा मुलांकडून पाठ करून घेताना आम्ही नेहमी सांगत आलो की, जे घडले नाही ते घडले म्हणून सांगणे ही खोटी साक्ष. ही शिकवण अपुरी होती. साक्ष ही शेजाऱ्याविरुद्ध असते, आणि शेजाऱ्यास बुडवावयास अर्धे खरे पुष्कळ होते. फळा, खडू आणि तीन महिने आम्ही कागदाबाहेर ठेवले, म्हणून आतले खरे वाक्य खोटे झाले.

कोणी म्हणेल, लेकराबाळांच्या माणसाने नोकरी धोक्यात घालावी काय? हा प्रश्न हलका नाही, आणि ज्यांस पगाराची चिंता कधी पडली नाही त्यांनी तो हलका ठरवू नये. इस्राएलाच्या नायकांसही तो होताच. तरी त्यांनी आपल्या लोकांस मारल्याचे त्या अध्यायात लिहिलेले नाही. उलट ते फारोपुढे उभे राहिले आणि दोष तुझ्याच माणसांचा आहे असे त्यास तोंडावर म्हणाले. पुढे ते मोशेवर उलटले, हे खरे; ते काही संत नव्हते. पण साक्ष त्यांनी वरच्या दिशेस दिली. आमची खाली गेली.

सात आठवडे आम्ही गप्प होतो. मग ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी तो आमच्या शेजारी येऊन गुडघे टेकून बसला. भाकर घेताना त्याने डावा हात उजव्या हाताखाली लपविला. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरा कागद लिहिला: काडी तीन महिने होती, ती आम्ही पाहिली होती, आकडा आमच्या अक्षरात होता. मालकांनी तो घेण्याचे नाकारले, तेव्हा त्याची नक्कल आम्ही मुलाच्या वडिलांकडे दिली. भरपाई मिळावयास दोन वर्षे लागली. आमची नोकरी राहिली, बोलणे मात्र राहिले नाही.

नक्कल द्यावयास गेलो तेव्हा तो तरुण घरीच होता. आमचे आभार त्याने मानले नाहीत. कागद वाचून त्याने घडी केली आणि विचारले, "काका, रोज बघत होता, तर काडी काढ म्हणून एकदा तरी का नाही सांगितलंत?"