पाप कीं ऋण?

नीतिशास्त्राच्या तासाला गेलीं कांहीं वर्षें मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालीत आलों आहें. ज्या कृत्यांत हेतु वाईट नाहीं, ज्याची इजा करणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि ज्यांतील आपला वाटा मोजतां येणार नाहीं इतका अल्प आहे, त्या कृत्याचा दोष कोणाकडे? पूर्वी यासाठीं मी काल्पनिक उदाहरणें रचीत असें. आतां तशी गरज उरली नाहीं. लक्षद्वीपचा समुद्र पुरेसा आहे.

केरळच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रांत असलेलीं हीं बेटें प्रवाळांनीं बांधलेलीं आहेत. प्रवाळ हा इवलासा प्राणी. तो चुन्याचें घर बांधतो, आणि त्याच्या देहांत वस्तीला असलेलें सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतें. हा संसार फार नाजूक. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णतेहून पाणी अंशभर अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच बाहेर घालवितो. मग त्याच्या पारदर्शक देहांतून पांढरा सांगाडा दिसूं लागतो. पाणी लवकर निवलें तर शेवाळ परततें. न निवलें तर प्रवाळ उपासमारीनें मरतो. लक्षद्वीपांत अशी पांढरी अवकळा १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ सालीं आली.

उष्णतेच्या जोडीला रसायनाचाही फेर आहे. मनुष्याच्या धुराड्यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइड वायूपैकीं सुमारें चौथा हिस्सा समुद्रानें पोटांत घातला आहे, आणि पृथ्वीवर सांचलेल्या जादा उष्णतेपैकीं शेकडा ९० हून अधिक. पोटांत घालणें हा आपल्याकडे क्षमेचा वाक्प्रचार आहे. येथें तो अक्षरशः खरा, पण क्षमा मात्र त्यांत नाहीं. त्या वायूमुळें पाणी आम्लतेकडे झुकतें. सागरपृष्ठाचा 'पीएच' अंक ८.२ च्या आसपास होता, तो ८.१ च्या आसपास आला. एक दशांशाचा फरक म्हणून तो सोडून देतां येत नाहीं. ही मोजणी दहापटीच्या पायऱ्यांची असल्यामुळें तेवढ्यानें हायड्रोजन आयनांचें प्रमाण शेकडा २५ हून अधिक वाढतें, आणि प्रवाळाला घर बांधण्यास लागणारें कार्बोनेट दुर्मिळ होतें. शिवाय तापलेलें पाणी प्राणवायु कमी धरतें.

मिनिकॉय बेटावरील कोळी ट्यूना, म्हणजे आपल्याकडील कुपा, गळ बांधलेल्या काठीनें धरतात. त्यांना जिवंत आमिष लागतें, आणि तें आमिष म्हणजे प्रवाळांच्या आश्रयानें उथळ पाण्यांत वाढणारे लहान मासे. प्रवाळ गेला कीं कोळ्याचें आमिष गेलें. त्यानें असा किती कोळसा जाळला?

दुसऱ्याला इजा होत नाहीं तोंवर व्यक्तीच्या आचरणांत समाजानें हात घालूं नये, हा मिल्लनें १८५९ सालीं 'ऑन लिबर्टी'त घालून दिलेला दंडक मला विद्यार्थिदशेपासून पाठ आहे. येथें तो चालेना. मीं दिवा मालविला म्हणून एकही प्रवाळ वांचणार नाहीं, हें गणित खरें. पण तेंच गणित प्रत्येकानें मांडलें तर इजा झाली, करणारा मात्र कोणीच नाहीं, असें उत्तर येतें. असें उत्तर आलें कीं मला मांडणीचाच संशय येतो.

पाप हा शब्द येथें बसत नाहीं असें मला वाटूं लागलें आहे. पापाला हेतु लागतो. ऋणाला लागत नाहीं. आपल्या परंपरेंत मनुष्य तीन ऋणें घेऊनच जन्मतो. तीं त्यानें काढलेलीं नसतात, तरी तीं त्याचींच. आणि त्यांची फेड धनकोलाच करावयाची असते असेंही नाहीं. पितृऋण पितरांना परत करून नव्हे, तर संततीच्या रूपानें पुढें देऊन फिटतें. मेलेल्या प्रवाळाला कोणी कांहीं परत करूं शकत नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांतील पाण्याविषयीं अजून कांहीं करतां येतें. शिवाय ऋणांत ज्याची उचल मोठी त्याची फेड मोठी. मिनिकॉयच्या कोळ्याला आणि मला एका ओळींत बसवितां येत नाहीं.

हें मीं वर्गांत सांगितलें तेव्हां मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, सावकार दारांत उभा राहतो म्हणून माणूस कर्ज फेडतो. येथें धनकोला वाचाच नाहीं, आणि हप्ता किती हेंही ऋणकोनेंच ठरवावयाचें. पापाची निदान भीति तरी असते."

घंटा झाली होती. पुढच्या तासाला उत्तर देतों, असें मीं तिला म्हटलें. तो तास आला, आणि मीं त्या दिवशीं दुसराच विषय घेतला.