शब्द टाकण्यापूर्वी

दिवाळीत आपल्याकडे फराळाच्या ताटाबरोबर एक वाक्य घरोघर फिरत असते. पाहुणे चकली मोडतात, चहाचा पहिला घोट घेतात आणि आवाज जरा खाली आणून म्हणतात, "आमच्या पोराचं कुठंतरी बघा की. तुमची ओळख आहे; नुसता शब्द टाका." मागणारा संकोचलेला असतो, ऐकणारा मनातून थोडासा सुखावलेला असतो, आणि ज्याच्याविषयी हे बोलणे चाललेले असते तो पोरगा दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत असतो.

मराठीत माणूस शब्द देतो, शब्द पाळतो, शब्द फिरवतो. नोकरीच्या कामी मात्र तो शब्द 'टाकतो'. टाकायचे असते ते वजन, आणि ते टाकायचे असते पारड्यात. भाषेने ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितलेली आहे. प्रश्न एवढाच, की असे वजन टाकणे हे पुण्य की पाप?

या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. सभेत उभे राहिलो की आपण म्हणतो, वशिलेबाजी हा समाजाला लागलेला रोग आहे. घरी येऊन पाय धुतले की म्हणतो, आपल्या माणसाच्या उपयोगी पडायचे नाही तर ओळखी काय लोणच्यासारख्या बरणीत मुरवत ठेवायच्या? पहिले उत्तर सोपे आहे, कारण ते नेहमी दुसऱ्याला उद्देशून असते. दुसऱ्या उत्तराला मात्र मी हसणार नाही. त्यात माया आहे. शब्द टाकणाऱ्याला पुष्कळदा स्वतःसाठी काहीच मिळवायचे नसते. एका घरची चूल नीट पेटावी एवढीच त्याची इच्छा असते.

मग यात वाईट ते काय? वाईट हे, की या व्यवहारात माणसे तीन असतात आणि आपल्याला दिसतात दोनच. तिसरा पहाटेच्या एस.टी.ने तालुक्याहून आलेला असतो. सर्टिफिकेटे त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली असतात. "कळवू" एवढे ऐकून तो संध्याकाळची गाडी धरतो. आपल्या शब्दाने त्याचे काही गेले हे आपल्याला कधी कळत नाही. त्यालाही कळत नाही. ज्या अन्यायाला फिर्यादी नसतो, तो करताना हात कापत नाही.

या तिसऱ्या माणसासाठीच परीक्षा जन्माला आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी हिंदुस्थानातील वरच्या नोकऱ्या कंपनीच्या डायरेक्टरांच्या मर्जीत असत. त्यांनी नाव सुचवावे आणि मुलाने बोटीत बसावे. १८५३ च्या सनदी कायद्याने ही मर्जी संपवली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली. दार उघडले खरे, पण उंबरा समुद्रापलीकडे राहिला. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा पार करणारे पहिले भारतीय ठरले; पुढे त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यातच झाली. परंतु तीच परीक्षा हिंदुस्थानच्या भूमीवर होण्यासाठी १९२२ साल उजाडावे लागले. स्वतंत्र भारताच्या घटनेने सोळाव्या कलमात सरकारी नोकरीतील समान संधीचे वचन दिले. मुलाखतीच्या खोलीत शब्दाला वाव मिळतो, हे ओळखून केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. दारे उघडी होतात. पण एकेक दार उघडायला पिढ्या लागतात.

तथापि सगळे जग काही परीक्षेने चालत नाही. दुकान, दवाखाना, छापखाना, वर्कशॉप, हिशेबाची पेढी, येथे माणूस घेतला जातो तो पुष्कळदा सांगोवांगीच. हे केवळ आपल्याकडेच आहे असे समजून कोणी लाजू नये. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांना, तुम्हाला ही नोकरी कशी मिळाली, असे विचारले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात उत्तर आहे: निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून मिळाली. गंमत अशी, की ही ओळख बहुधा जिवलगाची नव्हती. अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाची होती. आपल्याला जे ठाऊक असते तेच जिवलगांनाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती लांबून. म्हणजे ओळखीतून मुख्यतः येते ती मेहेरबानी नव्हे, बातमी. ज्याच्या ओळखी थोड्या, त्याच्यापर्यंत बातमीच पोचत नाही.

आणि काही जणांसाठी तर न बोलताच शब्द टाकला जातो. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक ठेवला तो नावाआडनावांचा. २००७ साली त्यांचा निष्कर्ष 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावांच्या मानाने दलित आणि मुसलमान नावांना बोलावणी कमी आली. "मी आयुष्यात कधी कुणाचा वशिला लावला नाही" असे अभिमानाने म्हणणाऱ्या आपल्यांतल्या पुष्कळांनी हे वाचून क्षणभर थांबावे. आपल्यासाठी आपले आडनाव बोलून गेले असेल, आणि आपण म्हणत राहिलो असू की तिथे कोणीच बोलले नव्हते.

तेव्हा, ओळख वापरावी की नाही, असे विचारून भागत नाही. 'शब्द' या एका पुडीत तीन वेगळ्या वस्तू बांधलेल्या असतात, त्या सोडवून पाहाव्या लागतात. पहिली बातमी: अमुक ठिकाणी जागा आहे. दुसरी साक्ष: या मुलाला मी ओळखतो, त्याचे अमुक काम मी पाहिले आहे. तिसरे वजन: मी सांगतो म्हणून घ्या. बातमी मोकळ्या हाताने वाटावी. आपल्याच नात्यात नव्हे, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत. साक्ष द्यावी, पण पाहिले तेवढीच. वजन मात्र आपल्या खिशातच असू द्यावे.

मी शाळामास्तर, माझी पाटी मॅट्रिकपर्यंतची, आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात जातो. माणसांना गुण चिकटवणे हा माझा जोडधंदाच म्हणा ना! म्हणूनच विद्यार्थ्याला पत्र देताना मी लेखणी आवरून धरतो. 'सुशील, मेहनती, होतकरू' हे शब्द कुणालाही बसतात, म्हणून ते कुणाचेच नसतात. एका मुलाविषयी मी लिहिले, "याला चारचौघांत बोलणे जमत नाही. परंतु तीन वर्षे शाळेच्या प्रदर्शनाचे सामान याने मोजून घेतले आणि मोजून परत केले. एक पाटदेखील कमी भरला नाही." मुलगा हिरमुसला. त्याला मी एवढेच सांगितले, की गुदामाला भाषण करणारा नको असतो. पत्र लिहून झाले की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: रांगेतल्या दुसऱ्या मुलासमोर हे मोठ्याने वाचून दाखवता येईल काय? साक्ष वाचून दाखवता येते. वजन दाखवता येत नाही. ते नेहमी फोनवर किंवा कोपऱ्यात बोलले जाते.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, सगळे जग वजन टाकते आहे. तुम्ही एकट्याने हात आखडलात तर मार खातो तो तुमचाच विद्यार्थी." हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला संपूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. वजन टाकायला नाही म्हटल्यावर दोन घरांतून मला फराळाचे बोलावणे येईनासे झाले, हेही खरे. पण पारड्याला हात न लावता मुलासाठी करण्यासारखे पुष्कळ उरते. अर्जाचा मसुदा त्याच्याकडून चारदा लिहून घ्यावा. 'मला अनुभव आहे' याऐवजी 'मी हे हे केले' असे लिहायला शिकवावे. लांबच्या ओळखीच्या दहा माणसांकडे त्याला धाडावे, नोकरी मागायला नव्हे, कामाची माहिती विचारायला. नोकरी लावतो म्हणून जो आधी पैसे मागेल त्याच्या दारातून परत फिरावे, हे बजावावे. जमल्यास गाडीभाडे द्यावे. यानेही कधी कधी हार होते. पण त्या मुलाच्या पदरी जे पडेल ते दुसऱ्याच्या ताटातले नसेल.

आता दोन शब्द माणसे घेणाऱ्यांसाठी. दिवाळी अंक दुकानदारही वाचतात आणि साहेबही. कोणते काम करून घ्यायचे आहे ते आधी कागदावर लिहा. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. सुचेल तशी गप्पागोष्टींची मुलाखत त्या मानाने फसवते, हे मानसशास्त्रज्ञांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे. गप्पा रंगतात त्या आपल्यासारख्या माणसाशी, आणि आपल्यासारखा म्हणजे लायक असे आपण नकळत धरून चालतो. शक्य असेल तर तासाभराचे खरे काम देऊन पाहा, आणि ते तपासताना नाव झाकून ठेवा.

आणि ज्याला घेतले नाही त्याला तसे कळवा. चार ओळींचे पत्र पुरे. त्याच्यासाठी कुणीही शब्द टाकलेला नसतो. निदान एक शब्द त्याच्यापर्यंत पोचावा, आणि तो खरा असावा.