बेजबान जिवाचा निरोप

घरातले जनावर असाध्य आजारी पडले तर त्याला कुठवर जगवायचे आणि निरोप कधी द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. माणसांच्या दवापाण्याचीच जिथे ओढाताण, तिथे मांजराच्या मरणावर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात जीव पाळला जातो त्या घरात हा प्रश्न एक दिवस येतोच, आणि येतो तेव्हा कोणाची तयारी नसते.

आमच्या बारामती-इंदापूर भागात जनावर म्हटले की आधी गोठा आठवतो. संकरित गाई, म्हशी, दाराशी बांधलेल्या दोन-चार शेळ्या. मुस्लिम मोहल्ल्यांत यांच्या जोडीला मांजर असते, कोंबड्या असतात आणि बकरी ईदच्या आधी काही महिने पोराबाळांनी हाताने पाला चारलेला बोकड असतो. या सगळ्यांच्या आजारपणात आपण कसे वागतो ते नीट पाहिले, तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते.

शेळी वाचत नाही असे दिसले की घरात घाई उडते. मुरदार होण्याआधी सुरी फिरवा, म्हणजे निदान मटण तरी पदरात पडेल. डॉक्टरांनी कालच इंजेक्शन दिलेले असले, त्या औषधाचा अंश मांसात असला, तरी तो विचार मागे पडतो. मांजराच्या बाबतीत नेमके उलटे होते. त्याचे मांस खायचे नाही, कातडे विकायचे नाही, म्हणून कोणालाच घाई नसते. ते जिन्याखाली चार-चार दिवस तडफडत पडते आणि आपण म्हणतो, अल्लाहची मर्जी. एकीकडे घाई, दुसरीकडे दिरंगाई. दोन्हीकडे जनावराच्या वेदनेचा हिशेब कुठेच नाही. निर्णय आपल्या फायद्याने घेतला, नाहीतर फायदा नाही म्हणून घेतलाच नाही. आमच्या मते या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे.

कुर्बानीशी याची गल्लत करू नये. कुर्बानी ही इबादत आहे आणि तिच्यासाठी जनावर धडधाकट लागते. एका डोळ्याने उघड आंधळे, उघड आजारी, उघड लंगडे आणि हाडाची काडे झालेले, अशी चार प्रकारची जनावरे हदीसमध्ये कुर्बानीतून वगळली आहेत. म्हणजे आजारी जिवाच्या मरणातून आपल्याला कुर्बानीचे सवाब मिळवायचे नाही. त्याचा निरोप फक्त त्याच्यासाठी असतो.

आता मोठा आक्षेप. जान अल्लाहने दिली, ती घेणारे आपण कोण? हा आक्षेप हलका नाही. फिकहच्या ग्रंथांतही यावर एकमत नाही. सोळाव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर जैनुद्दीन मखदूम यांनी लिहिलेला 'फत्हुल मुईन' हा शाफई ग्रंथ आहे. ज्या प्राण्याचे मांस खाल्ले जात नाही त्याला केवळ वेदनेतून सोडवण्यासाठीही जबह करू नये, असे मत त्यात आहे. कोकणातले आपले बांधव बहुतेक शाफई. घाटावरचे आपण बहुतेक हनफी, आणि हनफी फकीहांनी अशा जिवाच्या सुटकेसाठी वाट मोकळी ठेवली आहे. दोन्ही मते जिवाच्या काळजीतूनच आली आहेत, हे ध्यानात ठेवावे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

आमच्या बुद्धीला एक गोष्ट मात्र पटते. माणसाचे दुखणे वेगळे. माणूस मुकल्लफ आहे, त्याच्या सब्रला मोल आहे, आजारपणात त्याचे गुनाह झडतात असे आपण मानतो. मांजराने कोणता गुनाह केला? त्याच्या यातना लांबवून त्याच्या खात्यावर काय जमा होणार? माणसाचा जीव घेऊ नये यासाठी जी कारणे आहेत, ती सगळीच्या सगळी जनावराला लागू होत नाहीत. म्हणून जनावराच्या बाबतीत परवानगीचा विचार करणाऱ्याने माणसाच्या बाबतीतही तोच विचार मान्य केला, असे होत नाही.

हा वाद आपल्यापुरताही नाही. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनांत पडले होते. उपचाराने ते बरे होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, सहकाऱ्यांशी चर्चा करून गांधीजींनी त्याला डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन मरण दिले. देशभरातून रागाची पत्रे आली. जो जीव देता येत नाही तो घेण्याचा अधिकार कसा, हाच प्रश्न त्यांनाही विचारला गेला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की जीव घेण्यामागे स्वार्थ असता तर या आक्षेपाला अर्थ होता. अहिंसेचा एवढा आग्रह धरणारा माणूसही शेवटी नियतीवर नव्हे, नियतवर येऊन थांबला. आपल्याकडे तर अमलाची पारखच नियतवर होते.

पण नियत साफ आहे हे ओळखायचे कसे? आम्ही दोन प्रश्न सुचवतो. खर्च आणि त्रास अजिबात नसता, तरी मी आजच निरोप दिला असता का? उत्तर नाही असेल, तर घाई होते आहे. आणि दुसरा : याच्या विरहाचे दुःख मला होणार नसते, तर मी अजून थांबलो असतो का? उत्तर नाही असेल, तर उशीर होतो आहे. पहिल्यात आपली कंजुषी उघडी पडते, दुसऱ्यात आपली माया. मायासुद्धा स्वार्थी होऊ शकते.

घाई करू नये याचा धडा 2022 च्या लम्पीने दिला. गाई-बैलांच्या अंगभर गाठी आल्या, पाय सुजले, चारा सुटला. बघवत नव्हते. तरीही त्यांतली बहुतेक जनावरे औषधपाण्याने आणि मालकांच्या सेवेने उठून उभी राहिली. दिसायला भयंकर असलेला प्रत्येक आजार शेवटचा नसतो. उलट म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंड निकामी होते तेव्हा वरून फारसे काही दिसत नाही, पण ते परत फिरणारे दुखणे नसते. दर आजाराला दवा आहे, म्हातारपणाला नाही, अशा अर्थाची हदीस आहे. म्हणून पहिला शब्द पशुवैद्याचा. आमच्याकडच्या पशुवैद्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो आणि पुणे बारामतीहून शंभर किलोमीटरवर. तरी 'हे बरे होणार का' एवढे विचारायला तालुक्याचा दवाखाना पुरतो.

दुसरा शब्द ज्याच्या हातून त्याला खाणे मिळते त्याचा. बहुतेक घरांत ती अम्मी असते, नाहीतर दादी. खातो का, पाणी पितो का, स्वतःच्या पायावर जागेवरून उठतो का, अंग चाटून साफ ठेवतो का, हाकेला कान हलवतो का, हे तिला ठाऊक असते. मांजर दुखणे लपवते, आणि वेदनेतही घुरघुरते. त्यामुळे ते खुशीत आहे असे पाहुण्याला वाटेल, तिला वाटणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला एक खूण आणि वाईट दिवसाला दुसरी करावी. वाईट दिवस सलग वाढू लागले आणि पशुवैद्यानेही हात टेकले, की वेळ आली असे समजावे.

मग रीतही नीट असावी. जबह करतानासुद्धा सुरीला धार लावा, जनावराला त्रास देऊ नका, ही रसूलुल्लाहांची शिकवण आहे. पशुवैद्य आधी गुंगीचे औषध देतात आणि मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. जनावर झोपते आणि हृदय थांबते. उंदराचे औषध घालणे किंवा पोत्यात भरून उजनीच्या काठाला नाहीतर आठवडे बाजारात सोडून येणे, हा निरोप नव्हे. उपासमारीत पडेल अशा रीतीने जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर आपण लहानपणापासून ऐकतो. औषधाने मेलेले जनावर खोल पुरावे. उघड्यावर टाकले तर ते खाणारी कुत्री आणि पक्षीही मरतात.

मुलांशी खोटे बोलू नये. 'ते पळून गेले' असे सांगितलेली मुले महिनोन्‌महिने गल्लीत त्याला शोधतात. त्याला फार दुखत होते, ते बरे होणार नव्हते, म्हणून आपण त्याला झोपवले, एवढे सांगितले तर त्यांना समजते. शाळेत आम्ही रहम हा शब्द फळ्यावर लिहून त्याचा अर्थ सांगतो. आजारी मांजरापाशी रात्र काढलेल्या मुलाला तो वेगळा सांगावा लागत नाही.

पाळलेले जनावर ही अमानत आहे. अमानत किती दिवस सांभाळली, याच्याबरोबर ती कोणत्या हालात परत केली, हेही विचारले जाईल.