ग्रंथालयाचे कपाट आणि जप्तीचा हुकूम

ग्रंथालय ही राजाची कृपा नसून प्रजेच्या शिक्षणाचाच पुढचा भाग आहे, हा विचार बडोद्यात फार लवकर रुजला. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडले नाही तर अक्षरओळखही विरते, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला पाचारण केले. राजवाड्यातील खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाकडे आला, वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक चाळावे अशी ‘मुक्तप्रवेश’ पद्धत सुरू झाली, आणि निवडक पुस्तके भरलेल्या कुलूपबंद लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

त्याच १९१० साली ब्रिटिश हिंदुस्थानात जो छापखाना कायदा झाला, त्याने आधी खटला चालवून गुन्हा सिद्ध न करताही छापील मजकूर जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. गांधीजींच्या गुजराती ‘हिंद स्वराज्य’वर मुंबई सरकारने बंदी घातली ती त्याच वर्षी, सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर तर १९०९ मध्ये तो छापून होण्याआधीच बंदी आली होती आणि ती १९४६ पर्यंत टिकली. कपाट कितीही खुले ठेवले तरी पुस्तक छापखान्यात किंवा टपालातच अडले तर त्या खुलेपणाला मर्यादा पडते, ही गोष्ट ग्रंथालय चळवळीच्या कौतुकात सहसा निसटते.

हुकुमाविरुद्ध दाद मागण्याची सोय कायद्यात होती, परंतु ती जप्त मालात ‘हितसंबंध’ असणाऱ्यासाठी, म्हणजे मुख्यतः मालक, मुद्रक व प्रकाशकासाठी; वाचकाचा तेथे विचारच नव्हता. १९२२ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी जप्तीचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेत शिरला आणि स्वातंत्र्यानंतरही टिकला. गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’वरील १९६७ ची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केली, तेव्हाही दाद मागणारा लेखकच होता. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या प्रकरणात मात्र लेखक-प्रकाशक नसलेले नागरिक न्यायालयात गेले. महाराष्ट्र सरकारचा हुकूम २००७ मध्ये रद्द झाला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मधल्या काळात, ऑगस्ट २००९ मध्ये, गुजरात सरकारने जसवंत सिंह यांच्या जिनांवरील पुस्तकावर बंदी घातली. मनीषी जानी व प्रकाश शाह यांनी तिला आव्हान दिले आणि उच्च न्यायालयाने काही आठवड्यांतच ती उठवली. बडोद्याने वाचकाला कपाटापर्यंत नेले होते. त्याला न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि मुक्तप्रवेशाची खरी पूर्तता येथे होऊ लागली असे म्हणता येते.

ती अजून अपुरी आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जप्तीची ही तरतूद कायम असून, एका राज्याने काढलेल्या हुकुमावरून देशात कोठेही सापडलेली प्रत पोलिसांना जप्त करता येते. सरकारी राजपत्र क्वचितच पाहणाऱ्या वाचकाला दाद मागण्यासाठी ते प्रसिद्ध झाल्यापासून दोनच महिने मिळतात, आणि ज्या ग्रंथपालाच्या कपाटातून ती प्रत जाते, त्याचे म्हणणे हुकूम काढण्याआधी ऐकून घ्यावे असे कायदा कोठेही सांगत नाही.